घरच्या संगणकासाठी काय घ्यावे, काय टाळावे? मान, मनगट आणि डोळ्यांच्या दृष्टीने खरेदी

घरून हिशेबाचे काम करणाऱ्या, साधारण ४० वर्षांच्या एक ताई काही महिन्यांपूर्वी दवाखान्यात आल्या. उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत होत्या. ‘डॉक्टर, मी सगळे घेतले आहे,’ असे म्हणून त्यांनी यादीच वाचून दाखवली. निळा प्रकाश अडवणारा चष्मा, मनगटाखाली ठेवायची जेलची उशी, उभा माऊस आणि पाठीला लावायचा पट्टा असा बराच खर्च झाला होता. मुंग्या मात्र तशाच होत्या.

मी त्यांना दोन प्रश्न विचारले. ‘लॅपटॉप कुठे ठेवता?’ उत्तर आले, ‘दिवाणावर, मांडीवर उशी घेऊन.’ ‘मुंग्या कधी जास्त येतात?’ यावर त्या म्हणाल्या, ‘पहाटे. झोपेतून जाग येते आणि हात झटकावा लागतो.’

दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचे होते. त्याकडे लेखात पुढे येऊच. पण त्यांची यादी मला ओळखीची वाटली, कारण घरून काम सुरू झाल्यापासून अशा याद्या घेऊन बरेच जण येतात. म्हणूनच हा लेख. घरच्या संगणकासाठी कोणती वस्तू आणि कोणते सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी आहे, कशावर पैसे वाया जातात आणि कोणते दुखणे कोणत्याही वस्तूने बरे होणार नाही, हे आपण क्रमाने पाहू.

मूळ अडचण लॅपटॉपच्या रचनेतच आहे

लॅपटॉप उचलून नेण्यासाठी बनवलेला असतो. त्यात पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. पडदा डोळ्यांसमोर येईल इतका वर घेतला की हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. कीबोर्ड कोपराच्या पातळीला ठेवला की पडदा खाली जातो आणि मान वाकते. दोन्ही एकाच वेळी योग्य जागी येऊ शकत नाहीत.

आपल्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५.५ किलो असते. मान सरळ असते तेव्हा हे वजन मणक्यांवर तोलले जाते. डोके पुढे झुकले की ते धरून ठेवण्याचे काम मानेच्या मागच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर येते. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेणे आणि तीच हात लांब करून धरणे यात जेवढा फरक आहे, तसाच हा फरक आहे. १० मिनिटांत काही होत नाही. रोजचे ७-८ तास आणि महिन्याचे २५ दिवस असे चालले की संध्याकाळी मान आखडते आणि डोके जड होते.

म्हणून घरच्या मांडणीचा पहिला नियम एकच आहे: पडदा आणि कीबोर्ड वेगळे करा. बाकीची खरेदी त्यानंतर.

खरेदीआधी १० मिनिटांची तपासणी

नेहमीच्या जागी नेहमीसारखे बसा आणि घरातल्या कोणाला तरी बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा. फोटोसाठी मुद्दाम ताठ बसू नका. काम सुरू करून अर्धा तास झाल्यावर, तुम्हाला न सांगता काढलेला फोटो सर्वात खरा. त्यात हे पाहा:

- कान आणि खांदा: कान खांद्याच्या साधारण वर आहे, की खूप पुढे गेला आहे?
- नजर: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आहे का?
- अंतर: हात सरळ पुढे केल्यावर बोटे पडद्याला जेमतेम लागतात का? म्हणजे साधारण ५० ते ७५ सेंटीमीटर.
- कोपर: दंड अंगाजवळ सैल लोंबत असून कोपरात साधारण काटकोन होतो का? की खांदे कानाकडे चढले आहेत?
- पाय: पूर्ण तळपाय जमिनीवर टेकले आहेत का?

आपल्याकडे बहुतेक घरांत डायनिंग टेबल हेच ऑफिस असते. त्याची उंची साधारण ७५ सेंटीमीटर असते. १५५ सेंटीमीटर उंचीची स्त्री पाय टेकवून खुर्चीत बसली तर तिचे कोपर जमिनीपासून साधारण ६० ते ६५ सेंटीमीटरवर येते. म्हणजे टेबल तिला १० सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उंच पडते. ती दिवसभर नकळत खांदे उचलून टाइप करते आणि संध्याकाळी खांदे दुखतात. तिला महागडा कीबोर्ड नको आहे. तिला बुडाखाली टणक उशी आणि पायाखाली पाट हवा आहे. ही खरेदी शून्य रुपयांची आहे.

मग कोणत्या क्रमाने घ्यावे?

१. वेगळा कीबोर्ड, वेगळा माऊस आणि लॅपटॉप उंच करायला काहीतरी. साधा, वायरचा कीबोर्ड-माऊस संच साधारण हजार रुपयांच्या आत मिळतो. लॅपटॉपखाली स्टँड नसेल तर जाड पुस्तकांची चळत किंवा भक्कम पुठ्ठ्याचा खोका चालतो. मात्र लॅपटॉपची हवा बाहेर पडण्याची जागा झाकली जाणार नाही, एवढे पाहा. मानेसाठी या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा पुढच्या बहुतेक वस्तूंनी पडत नाही.

२. पायाला आणि कमरेला आधार. चाकांची खुर्ची घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा. उंची कमी-जास्त करता आली पाहिजे. पाठ टेकवून बसल्यावर गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा राहिली पाहिजे. हाताचे दांडे टेबलाखाली जाऊ शकले पाहिजेत, नाहीतर तुम्ही टेबलापासून लांब राहता आणि पुन्हा पुढे वाकता. साधी लाकडी खुर्ची असेल तर कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाय लोंबत असतील तर पाट किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवा.

३. वेगळा मॉनिटर. दिवसाला ५-६ तासांपेक्षा जास्त काम असेल, मोठे तक्ते पाहायचे असतील किंवा वय चाळिशीपुढे असेल, तर हा खर्च योग्य आहे. साधारण २४ इंचांचा मॉनिटर बहुतेकांना पुरतो. घेताना त्याची उंची कमी-जास्त होते का ते विचारा. होत नसेल तर खाली काहीतरी ठेवावे लागेल.

दोन पडदे वापरत असाल तर जास्त वापराचा पडदा बरोबर समोर ठेवा. मुख्य पडदा बाजूला ठेवून दिवसभर मान एकाच बाजूला वळवणारे बरेच जण मानेच्या एका बाजूचे दुखणे घेऊन येतात.

४. प्रकाश. खिडकी पडद्याच्या मागे असेल तर डोळे दिपतात, आणि तुमच्या पाठीमागे असेल तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. म्हणून खिडकी बाजूला येईल असे बसा. रात्री अंधारात फक्त पडदा चालू ठेवून काम करू नका. खोलीचा दिवा लावा.

मांडीवर किंवा पांघरुणावर लॅपटॉप ठेवण्याची सवय मात्र सोडाच. लॅपटॉप तापतो आणि रोज त्याच जागी उष्णता लागून मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात. पुरुषांमध्ये अंडकोशाचे तापमानही त्याने वाढते, आणि शुक्रजंतूंना उष्णता मानवत नाही. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांनी तर मांडीवर लॅपटॉप घेऊच नये.

कीबोर्ड आणि माऊस निवडताना

कीबोर्डच्या मागच्या बाजूला उघडणारे दोन छोटे पाय असतात. बहुतेक जण ते उघडूनच ठेवतात. त्यामुळे कीबोर्डची मागची बाजू उंच होते आणि टाइप करताना मनगट वरच्या दिशेने वाकते. ते पाय मिटून ठेवा. कीबोर्ड जितका सपाट, तितके मनगट सरळ.

दुसरा मुद्दा उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांचा. हिशेबाचे काम नसेल तर ही बटणे नसलेला आखूड कीबोर्ड घ्या. त्यामुळे माऊस अंगाजवळ येतो आणि हात सारखा बाहेर ताणावा लागत नाही. आकडे भरायचे काम असेल तर आकड्यांची वेगळी पट्टी मिळते. ती डावीकडे ठेवता येते.

माऊस असा हवा की तळहात त्यावर सैल पसरता येईल. फार छोटा माऊस बोटांच्या चिमटीत धरावा लागतो आणि त्याने अंगठ्याच्या बाजूचे स्नायू थकतात. उभ्या माऊसमध्ये हात हस्तांदोलनाच्या स्थितीत राहतो, त्यामुळे हाताला पीळ कमी पडतो. ज्यांचे कोपर किंवा हाताचा पुढचा भाग दुखतो, त्यांच्यापैकी काहींना त्याने बरे वाटते. पण तो सगळ्यांसाठी नाही आणि मुंग्यांवरचे औषधही नाही. शक्य असेल तर मित्राचा दोन दिवस वापरून बघा आणि मगच घ्या.

पैसे न घालता करता येण्यासारखे एक काम म्हणजे माऊस हलका करणे. सेटिंग्जमध्ये जाऊन बाणाचा वेग थोडा वाढवा. हात कमी हलवावा लागतो. उजवा हात दुखत असेल तर मुख्य बटण बदलून माऊस काही दिवस डाव्या हाताने वापरा. पहिला आठवडा त्रासाचा जातो, नंतर सवय होते.

मनगटाखालची उशी: नीट समजून घ्या

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा मिळून अरुंद बोगदा तयार होतो. त्यातून बोटे वाकवणारे ९ स्नायुबंध आणि मीडियन नावाची एक नस जाते. टाइप करताना उशीवर मनगट दाबून ठेवले तर दाब नेमका याच बोगद्यावर येतो. म्हणजे जिचे रक्षण करायला उशी आणली, तिलाच आपण दाबतो.

उशी टाइप करताना टेकण्यासाठी नसते. ती मधल्या थांब्यात हात ठेवण्यासाठी असते, आणि तेव्हाही मनगटाऐवजी तळहाताची जाड कड टेकवावी. टाइप करताना हात पेटीवादकासारखे किंचित तरंगते हवेत. हे जमत असेल तर उशीची गरजही पडत नाही.

डोळ्यांसाठी काय घ्यावे?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याचा आहे. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होतो असे त्यात दिसले नाही, निदान थोड्या काळाच्या वापरात तरी नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही संगणकासाठी हे चष्मे सुचवत नाही. दुकानदाराने नव्या चष्म्यावर हा थर जादा पैसे घेऊन लावायचा आग्रह केला, तर नाही म्हणायला हरकत नाही.

मग डोळे थकतात कशामुळे? तीन कारणे आहेत.

पहिले, पापण्या कमी लवणे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लवतो. पडद्याकडे टक लावून बघताना हे प्रमाण ५ ते ७ पर्यंत उतरते. डोळ्यावरचा पाण्याचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात आणि गंमत म्हणजे त्यातून पाणीही येते. समोरून येणारा पंखा किंवा एसी यात भर घालतो. पंख्याची दिशा बदला, पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवा आणि मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. तरीही कोरडेपणा राहिला तर कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. डोळे ‘पांढरे करणारे’ किंवा स्टिरॉइड असलेले थेंब मनाने घालू नका. स्टिरॉइडच्या थेंबांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

दुसरे, नजर एकाच अंतरावर खिळणे. यासाठी २०-२०-२० हा सोपा नियम आहे. दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर दूर, २० सेकंद बघा. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची किंवा झाडाचा शेंडा चालेल. मोबाइल चालणार नाही.

तिसरे, नंबर. इथे माझीच गोष्ट सांगतो. चाळिशी ओलांडल्यावर मला संध्याकाळी कपाळ दुखायला लागले. मी काय केले, तर मोठा मॉनिटर आणला! कपाळ दुखायचे थांबले नाही. शेवटी डोळे तपासले तेव्हा कळले की जवळचा नंबर लागला आहे. रुग्णांना रोज सांगतो तेच स्वतःला सांगायला मला चार महिने लागले. चाळिशीनंतर पडदा धूसर दिसत असेल, तर मॉनिटरच्या आधी नंबर काढा.

दोन किंवा अनेक नंबर असलेला चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. अशा काचेत जवळचा नंबर खालच्या भागात असतो. पडदा उंच असेल तर त्या भागातून बघण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे जाते. तुम्ही पडदा इतरांपेक्षा थोडा खाली ठेवा, किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचे अंतर मोजून सांगा आणि फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्या.

सॉफ्टवेअर: बरेच काही संगणकातच असते

नवीन काही उतरवण्याआधी, जे आहे ते वापरा.

- अक्षर मोठे करा. पुढे झुकण्याचे मोठे कारण म्हणजे बारीक अक्षर. विंडोजमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या सेटिंगमध्ये अक्षराचा आणि बाणाचा आकार वाढवता येतो. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबले की पान मोठे होते. माझ्या मते मानेसाठी यापेक्षा स्वस्त उपाय नाही.
- प्रकाश जुळवा. पडदा खोलीतल्या उजेडाइतकाच उजळ हवा. त्याशेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. वेगळ्या मॉनिटरचा प्रकाश बटणांनी बदलणे कटकटीचे वाटत असेल तर विंडोजसाठी ट्विंकल ट्रे आणि मॅकसाठी मॉनिटरकंट्रोल हे प्रोग्राम आहेत.
- रात्रीचा पिवळसर प्रकाश. विंडोजमध्ये नाईट लाइट आणि मॅकमध्ये नाईट शिफ्ट ही सोय असते. बघायला सौम्य वाटते, जरूर वापरा. पण त्याच्या भरवशावर रात्री १ वाजेपर्यंत काम करू नका. झोपेच्या आधी तासभर पडदा बंद ठेवण्याची बरोबरी पिवळा रंग करू शकत नाही.
- बोलून लिहा. गूगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझरमधून मराठीत बोलून लिहिता येते. मराठी टाइप करताना अक्षर शोधायला सारखे खाली बघावे लागत असेल, तर मान आणि बोटे दोघांनाही आराम मिळतो. पहिला खर्डा बोलून तयार करा आणि नंतर हाताने सुधारा.
- तेच तेच टाइप करू नका. विंडोजचे बटण आणि व्ही एकत्र दाबले की आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी उघडते. ती एकदा चालू करावी लागते. रोज तीच उत्तरे, तेच पत्ते लिहिणाऱ्यांची बरीच बटणे वाचतात. फक्त पासवर्ड त्यात राहू देऊ नका.

बाहेरून घ्यावे असे एकच: थांब्याची आठवण. उत्तम खुर्चीतही तासन्तास न हलता बसणे शरीराला मानवत नाही. काम रंगले की वेळ कळत नाही, म्हणून आठवण करून देणारे काहीतरी हवे. स्ट्रेचली हा मोफत प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. वर्करेव्ह हा तसाच दुसरा आहे. त्यातल्या वेळा आपल्या कामाप्रमाणे बदला. दर २० मिनिटांनी २० सेकंद डोळ्यांसाठी आणि दर ४०-४५ मिनिटांनी ३ ते ५ मिनिटे उठण्यासाठी, एवढे ठेवा. फार वारंवार आठवण आली तर चार दिवसांत तुम्ही ती बंद कराल. काहीच उतरवायचे नसेल तर मोबाइलचा गजर किंवा पाण्याचा छोटा पेला पुरतो. पेला संपला की उठून भरायचा.

काय उतरवू नये? ‘तुमचा संगणक मंदावला आहे, लगेच साफ करा’ असे सांगणारे प्रोग्राम, फुकट वाटणाऱ्या चोरीच्या प्रती आणि पडद्यावर अचानक येणाऱ्या ‘या नंबरवर फोन करा’ अशा सूचना. तुमची बसण्याची पद्धत कॅमेऱ्यातून तपासतो असे सांगणारा प्रोग्राम दिवसभर कॅमेरा चालू ठेवतो, हेही लक्षात घ्या. त्यापेक्षा घरच्यांनी काढलेला फोटो बरा.

कान आणि वीज

फोन खांदा आणि कानात दाबून टाइप करणे मानेला फार महागात पडते. साधा माइकवाला हेडफोन घ्या. आवाजाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी आहे: मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत आणि मुलांसाठी ७५ डेसिबल. डेसिबल मोजत बसण्याची गरज नाही. हेडफोन लावून शेजारच्या माणसाचे नेहमीच्या आवाजातले बोलणे ऐकूच येत नसेल, तर आवाज जास्त आहे असे समजा. काम संपल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत राहिला तर कान तपासून घ्या.

आणखी एक गंमतीदार, पण खरी तक्रार. ‘लॅपटॉपवर हात ठेवला की मनगटाला झिणझिण्या येतात.’ धातूचा लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर असेल तर अगदी सूक्ष्म वीज अंगातून गेल्याचे जाणवू शकते. चार्जर काढल्यावर झिणझिण्या लगेच थांबल्या तर नस नाही, वायरिंग तपासायची. चांगल्या अर्थिंगचा तीन पिनांचा सॉकेट आणि कंपनीचाच चार्जर वापरा. खरा झटका बसला तर तो चार्जर पुन्हा लावू नका.

वस्तू नको, डॉक्टर हवा: हे कधी ओळखावे?

आता सुरुवातीच्या ताईंकडे परत येऊ. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या, करंगळीला काही नाही, पहाटे जाग येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे, हे कार्पल टनेल सिंड्रोमचे नेहमीचे चित्र आहे. म्हणजे आपण वर पाहिलेल्या बोगद्यातली मीडियन नस दबली आहे. बरेच जण याचा दोष फक्त कीबोर्डला देतात. पण थायरॉइड कमी असणे, मधुमेह, गरोदरपण, संधिवात, वाढलेले वजन ही कारणेही तितकीच शोधावी लागतात. या ताईंची रक्ततपासणी केली तेव्हा थायरॉइड कमी निघाले. त्यांना गोळी सुरू झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला आणि लॅपटॉप दिवाणावरून टेबलावर आला. काही आठवड्यांत त्यांची झोप पूर्ववत झाली.

त्यांनी आणखी वर्षभर नवनवीन माऊस बदलून पाहिले असते तर? दबलेली नस फार काळ तशीच राहिली की अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग सुकतो, पकड जाते आणि गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून खालीलपैकी काही असेल तर खरेदी थांबवा आणि दाखवा:

- मुंग्या किंवा बधिरपणा २ आठवड्यांपेक्षा जास्त राहणे, किंवा रात्री झोपमोड होणे.
- करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येणे. टेबलाच्या कडेवर कोपर टेकून बसल्याने तिथली नस दबू शकते.
- दोन्ही हातांबरोबर पायांतही मुंग्या येणे. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता तपासावी लागते.
- हातातून वस्तू पडणे, शर्टाची बटणे लावायला त्रास होणे, चालताना तोल जाणे.
- मानेपासून हातात विजेसारखी कळ जाणे.
- दुखण्याबरोबर ताप किंवा कारण नसताना वजन कमी होणे.
- एका डोळ्याने अचानक कमी दिसणे, डोळ्यासमोर विजा चमकणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे. यात त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आणि एक अगदी वेगळी सूचना. जिना चढताना किंवा भरभर चालताना डावा खांदा, हात, जबडा किंवा छाती भरून येत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर ते ‘खुर्चीमुळे’ आहे असे गृहीत धरू नका. ते हृदयाचे दुखणे असू शकते, म्हणून लवकरात लवकर तपासून घ्या. असे दुखणे बसल्या जागी सुरू झाले, थांबत नसेल किंवा त्याबरोबर घाम आणि दम असेल, तर सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उभे राहून काम करायचे टेबल घ्यावे का?
दिवसभर उभे राहणेही चांगले नाही. पाय आणि कंबर दुखते, व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास असलेल्यांना तर अधिकच. फायदा स्थिती बदलण्याचा आहे. फोनवरचे बोलणे उभ्याने किंवा फिरत केले तरी बराच फायदा मिळतो.

पाठीला लावायचा पट्टा वापरावा का?
डॉक्टरांनी ठरावीक कारणासाठी सांगितला असेल तरच. पट्टा तुमचे काम करतो आणि स्नायू आळशी होतात.

जमिनीवर बसून काम केले तर?
सवय असेल तर थोडा वेळ हरकत नाही. चौरंगावर लॅपटॉप ठेवा, बुडाखाली उशी घ्या, पाठ भिंतीला टेकवा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी टाळावे.

मुलांच्या अभ्यासासाठी वेगळे काही?
मोठ्यांच्या टेबलावर मुलांचे पाय लोंबतात आणि हनुवटी कीबोर्डला लागते. उशी आणि पाट द्या. डोळ्यांसाठी सर्वात चांगली वस्तू म्हणजे मैदान. रोज उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याची शक्यता कमी असते.

थोडक्यात

आज संध्याकाळी बाजूने एक फोटो काढा. लॅपटॉपखाली चार पुस्तके, पायाखाली पाट आणि कमरेला टॉवेल ठेवा. अक्षर मोठे करा. उद्या एक साधा कीबोर्ड आणि माऊस आणा. थांब्याची आठवण लावा. असे २ ते ३ आठवडे करून बघा. बहुतेकांचे दुखणे एवढ्यावरच उतरते. उतरले नाही, तर पुढची वस्तू शोधण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हात दाखवा, अगदी शब्दशः.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या त्रासाचे निदान आणि उपचार डॉक्टरांनी तपासूनच ठरवावेत.*